पाच ताऱ्यांच्या पलीकडे : प्लग-इन हायब्रिड कौटुंबिक गाडीची सुरक्षितता कशी पारखावी?

पेडणे काय किंवा डिचोली काय, राजधानी पणजीपासून दोन्ही शहरे सुमारे तीस किलोमीटरच्या अंतरावर आहेत. रोजची ये-जा विजेवर व्हावी आणि कोल्हापूर, पुणे वा बेळगावची वाट धरली की पेट्रोलचे इंजिन साथीला असावे, ही कल्पना कोणत्याही गोमंतकीय कुटुंबाला मोहात पाडणारी आहे. प्लग-इन हायब्रिड एसयूव्ही हेच आश्वासन देते. घरच्या सॉकेटवर भारित होणारी मध्यम आकाराची बॅटरी, तिच्या बळावर साधारण ४० ते ७० किलोमीटरची धाव, आणि ती संपली की नेहमीचे इंजिन. भारतात अशा गाड्या अजून मोजक्याच आहेत आणि त्यांच्या किमती सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहेत. तरीही व्होल्वोने २०१६ मध्ये एक्ससी ९० या सात आसनी गाडीची टी ८ ही प्लग-इन आवृत्ती भारतात आणली, तेव्हापासून हा प्रकार आपल्याकडे परिचयाचा झाला आहे.

विक्रेत्याच्या दालनात अशा गाडीसमोर उभे राहिल्यावर सुरक्षिततेविषयी विचारले, तर बहुधा एकच उत्तर मिळते : ‘पाच तारे आहेत.’ हे उत्तर खोटे नसते; मात्र ते अपुरे असते. सुरक्षितता पारखताना तीन निरनिराळे दाखले पाहावे लागतात. पहिला प्रयोगशाळेतील चाचणीचा, दुसरा प्रत्यक्ष रस्त्यावरील अपघातांचा आणि तिसरा त्या गाडीत आढळलेल्या दोषांचा. हे तिन्ही दाखले एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. एका दाखल्यात अव्वल ठरलेली गाडी दुसऱ्यात अडखळू शकते, आणि प्लग-इन हायब्रिडच्या बाबतीत तर असे घडलेलेही आहे.

तारे नेमके कशाचे?

भारताची स्वतःची तारांकन योजना, म्हणजे भारत एनकॅप, १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींसाठी असलेली ही योजना ऐच्छिक आहे. उत्पादकाने गाडी चाचणीला दिली तरच तिला तारे मिळतात. चाचण्या मुख्यतः तीन. गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने एका दबणाऱ्या अडथळ्यावर आदळवली जाते आणि पुढच्या भागाचा केवळ ४० टक्के हिस्सा त्या अडथळ्याला भिडतो. दुसऱ्या चाचणीत ताशी ५० किलोमीटर वेगाची ढकलगाडी बाजूने धडकते. तिसऱ्या चाचणीत गाडी आडवी सरकत ताशी २९ किलोमीटर वेगाने लोखंडी खांबावर आपटते. प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी ३२ आणि बालकांच्या संरक्षणासाठी ४९ असे कमाल गुण असून, पाच तारे मिळवण्यासाठी त्यांपैकी अनुक्रमे किमान २७ व ४१ गुण लागतात.

या आकड्यांचा आपल्या रस्त्यांशी संबंध जोडून पाहिला म्हणजे त्यांचे महत्त्व ध्यानात येते. अर्धवट समोरासमोर होणारी पहिली धडक म्हणजे डिचोली-दोडामार्गसारख्या दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करताना घडणारा अपघात. ताशी ६४ किलोमीटर वेगाने बसणारा धक्का हा सुमारे सोळा मीटर उंचीवरून, म्हणजे पाचव्या मजल्यावरून खाली पडण्याइतका असतो. खांबाची चाचणी हरमल-मांद्रे भागातील अरुंद वाटांवर अधिकच लागू पडते, कारण तेथे रस्त्याला खेटून माड आहेत, वीजखांब आहेत आणि चिऱ्यांची कुंपणे आहेत. गाडी घसरून बाजूने माडावर आदळते तेव्हा साऱ्या आघाताचा भार दाराच्या एका अरुंद पट्टीवर येतो. म्हणूनच डोक्याशी उघडणाऱ्या पडद्यासारख्या एअरबॅग आणि गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल ही प्रणाली या बाबी चैनीच्या मानून चालणार नाही.

परंतु जे मोजले जात नाही, तेही तितकेच महत्त्वाचे आहे. भारत एनकॅपच्या समोरच्या धडकेत प्रौढांचे पुतळे चालकाच्या आणि त्याच्या शेजारच्या आसनावर असतात. मागे दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या बालकांचे पुतळे बसवले जातात. तिसऱ्या रांगेत बसणारी आजी किंवा दहा वर्षांचा नातू यांच्यावर काय गुदरेल, हे या चाचणीतून कळत नाही. युरोपच्या युरो एनकॅप संस्थेने २०१५ पासून मागच्या आसनावरील प्रौढ प्रवाशाचा आणि २०१६ पासून सहा व दहा वर्षांच्या मुलांचाही आपल्या चाचण्यांत समावेश केला. सात आसनी कौटुंबिक गाडी घेताना हा भेद लक्षात ठेवायला हवा. कुटुंबातील सर्वांत नाजूक माणसे मागे बसतात आणि तारांकनाचा झोत मुख्यतः पुढे पडतो.

आणखी एक मर्यादा आहे. चाचणीतील अडथळा हा साधारणपणे तुल्यबळ मोटारीचे प्रतिरूप असतो. डिचोली तालुक्यात खनिजवाहू ट्रकांच्या रांगांमधून गाडी हाकणाऱ्यास हे सांगणे नलगे की, ट्रकचा पाठीमागचा भाग ही सर्वस्वी वेगळी वस्तू आहे. उभ्या ट्रकच्या हौद्याखाली मोटार घुसली, तर पुढचा भाग चेपून आघात शोषण्याआधीच हौद्याची कड काचेपर्यंत पोहोचते. त्या प्रसंगी कोणतेही तारांकन फारसे कामाला येत नाही. तेथे कामाला येतात ते राखलेले अंतर, आवरलेला वेग आणि ट्रकमागचे दिवे.

तारे कोणत्या आवृत्तीचे?

एकाच नावाची गाडी अनेक आवृत्त्यांत विकली जाते आणि तारे सर्वांना सरसकट लागू होतातच असे नाही. याचा धडा भारताला २०१४ च्या जानेवारीत मिळाला. ग्लोबल एनकॅपने भारतात विकल्या जाणाऱ्या लोकप्रिय गाड्या तपासल्या, तेव्हा एअरबॅग नसलेल्या फोक्सवॅगन पोलोला शून्य तारे मिळाले आणि दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार. नाव एक, सांगाडा एक. निकाल मात्र दोन टोकांचे.

प्लग-इन हायब्रिडबाबत हा प्रश्न आणखी टोकदार होतो. बॅटरी, विद्युत मोटार आणि उच्च-दाबाच्या तारा यांमुळे अशी गाडी तिच्याच पेट्रोल आवृत्तीपेक्षा बहुधा दोनशे ते तीनशे किलोंनी जड असते. वजन वाढले की धडकेत शोषावी लागणारी ऊर्जा वाढते आणि पुढच्या भागावर अधिक ताण येतो. बॅटरी कोठे बसवली आहे, बाजूच्या धडकेत तिच्यापर्यंत आघात पोहोचतो का, धडकेनंतर विद्युतप्रवाह आपोआप तुटतो का, हे प्रश्न साध्या पेट्रोल गाडीच्या चाचणीत उद्भवतच नाहीत. युरो एनकॅप आपल्या निकालाबरोबर तो कोणकोणत्या आवृत्त्यांना लागू आहे, याची यादी प्रसिद्ध करते. त्या यादीत ‘प्लग-इन हायब्रिड’ असा स्पष्ट उल्लेख आहे का, हे पाहावे. निकालाचे वर्षही पाहावे. चाचण्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होत जातात आणि युरो एनकॅप सहा वर्षांनंतर जुने तारांकन कालबाह्य मानते. २०१५ चे पाच तारे आणि २०२५ चे पाच तारे ही एकच गोष्ट नव्हे.

रस्त्यावरचा दाखला

प्रयोगशाळेचा निकाल हा अंदाज असतो. खरी परीक्षा रस्त्यावर होते. या बाबतीत व्होल्वो एक्ससी ९० चा दाखला जगभर सांगितला जातो. ब्रिटनमधील थॅचम रिसर्च या संस्थेने २०१८ मध्ये नोंदवले की, २००२ साली ही गाडी तेथे विक्रीस आल्यापासून पन्नास हजारांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या आणि तरीही वाहनांच्या परस्पर धडकेत तिच्यातील एकाही चालकाचा वा प्रवाशाचा मृत्यू झालेला नाही. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०१५ च्या आरंभी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही, चालकाचा एकही मृत्यू न नोंदवलेल्या नऊ गाड्यांत एक्ससी ९० होती.

हा दाखला प्रभावी आहे यात शंका नाही. पण तो वाचण्याचीही एक रीत आहे. महागडी कौटुंबिक गाडी घेणारा माणूस बहुधा मध्यमवयीन असतो, मुलाबाळांना घेऊन जपून चालवतो आणि गाडीची निगा राखतो. शून्य मृत्यूंचे श्रेय काही अंशी गाडीला आणि काही अंशी अशा चालकांना जाते. शिवाय ब्रिटनमधील रस्त्यांवर आपल्याइतक्या दुचाक्या नाहीत, उलट दिशेने येणारे ट्रॅक्टर नाहीत आणि रात्री महामार्गावर बसलेली गुरेही नाहीत. म्हणून परदेशी दाखला जसाच्या तसा आपल्या मातीत रुजत नाही.

दुसरीकडे, आकडे फसवतातही. काही वर्षांपूर्वी अमेरिकेतील विमा-तुलनेच्या एका संकेतस्थळाचा निष्कर्ष जगभर पसरला. दर एक लाख विकलेल्या गाड्यांमागे हायब्रिड गाड्यांना सुमारे ३,४७५, पेट्रोल गाड्यांना १,५३० आणि निव्वळ विजेवरील गाड्यांना अवघ्या २५ आगी लागतात, असे त्यात म्हटले होते. त्या आकड्यांचे उगमस्थान म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचे नाव घेतले गेले. वस्तुतः ते मंडळ निवडक अपघातांचा तपास करते; वाहनांच्या आगींची देशव्यापी नोंदवही ते ठेवतच नाही. शिवाय आगी सर्व जुन्या-नव्या गाड्यांच्या मोजायच्या आणि भागाकार एका वर्षाच्या विक्रीने करायचा, तर उत्तर वाकडेच येणार. कोणताही आकडा समोर आला की, तो कोणी मोजला, किती गाड्यांमागे मोजला आणि कोणत्या काळात मोजला, हे तीन प्रश्न विचारल्याविना तो स्वीकारू नये.

दोषांचा दाखला : बॅटरी आणि ब्रेक

तिसरा दाखला म्हणजे दोष आढळल्यामुळे परत मागवलेल्या गाड्यांची नोंद. प्लग-इन हायब्रिडच्या बाबतीत हाच दाखला सर्वांत बोलका आहे.

२०२० मध्ये युरोपात फोर्ड कुगा या कौटुंबिक एसयूव्हीच्या प्लग-इन आवृत्तीला भारित होत असताना आगी लागल्याचे प्रकार घडले. सुमारे वीस हजार गाड्यांच्या मालकांना, दुरुस्ती होईपर्यंत गाडी सॉकेटला जोडूच नका, असे सांगावे लागले. २०२४ च्या सप्टेंबरात जीप रँग्लर आणि ग्रँड चेरोकी यांच्या प्लग-इन आवृत्त्यांपैकी जगभरातील सुमारे १ लाख ९४ हजार गाड्या परत मागवण्यात आल्या. तेरा गाड्यांना आग लागली होती आणि त्या बहुतांशी उभ्या असताना लागल्या होत्या. मालकांना सूचना होती की गाडी भारित करू नका आणि घर वा इतर वाहनांपासून दूर, उघड्यावर उभी करा. पार्किंग घराच्या पडवीला लागूनच असलेल्या आपल्या गावांत या सूचनेचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

आणि ज्या एक्ससी ९० च्या शून्य मृत्यूंची ख्याती वर सांगितली, तिची प्लग-इन आवृत्तीही या नोंदीतून सुटलेली नाही. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेत व्होल्वोच्या सुमारे साडेसात हजार प्लग-इन हायब्रिड गाड्या बॅटरीत अंतर्गत शॉर्टसर्किट होण्याच्या शक्यतेमुळे परत मागवण्यात आल्या. त्यांत एक्ससी ९० होती. त्यानंतर त्याच वर्षीच्या जून महिन्यात ब्रेकचा दोष उघड झाला. एका सॉफ्टवेअर-बदलानंतर, उतारावर ‘बी’ या विशेष स्थितीत कोणतेही पेडल न दाबता गाडी किमान एक मिनिट चाळीस सेकंद घरंगळत राहिली आणि मग ब्रेक दाबला, तर ब्रेक पूर्णपणे निकामी होऊ शकत होते. या स्थितीत मोटारच उलट काम करून वेग कमी करते आणि बॅटरी भरते. अमेरिकेत सुमारे साडेअकरा हजार गाड्यांना ही दुरुस्ती लागू झाली. तेथील महामार्ग सुरक्षा प्रशासनाने जुलैत मालकांना निकडीचा इशारा देऊन, सॉफ्टवेअर दुरुस्त होईपर्यंत ही स्थिती वापरू नका, असे बजावले.

साखळीहून केरीमार्गे बेळगावला जाणाऱ्यांना चोर्ला घाटाचा उतार ठाऊक आहे. तो उतरताना एक मिनिट चाळीस सेकंद हा काळ किती क्षुल्लक आहे, हेही ठाऊक आहे. ही मोहीम अमेरिकेतील गाड्यांविषयी होती. परंतु तिच्यातून निघणारा बोध सर्वत्र सारखाच आहे. मजबूत सांगाड्याने मिळवलेली कीर्ती सॉफ्टवेअरला आपोआप वारसाहक्काने मिळत नाही. पेट्रोल आवृत्तीत जो भाग नव्हताच, त्या भागाची परीक्षा त्या आवृत्तीने दिलेली नसते.

दोष आढळला म्हणून गाडी वाईट ठरते, असे मात्र समजू नये. दोष मान्य करून गाड्या परत मागवणारा उत्पादक हा गप्प बसणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा. किती वेळा मागवल्या यापेक्षा, कशासाठी मागवल्या, दुरुस्ती किती काळात झाली आणि तोच दोष पुन्हा उद्भवला का, हे पाहणे अधिक शहाणपणाचे. भारतात १ एप्रिल २०२१ पासून सदोष वाहने परत मागवण्याची सक्ती करण्याचा अधिकार शासनाकडे आला आहे. वाहनमालक ‘वाहन’ पोर्टलवर तक्रारही नोंदवू शकतो. जीए-०४ ची डिचोलीची असो की जीए-११ ची पेडण्याची, वापरलेली गाडी घेताना तिचा चासी क्रमांक घेऊन अधिकृत सेवा केंद्रात ‘परत मागवण्याचे कोणते काम बाकी आहे का?’ असे लेखी विचारावे. हा प्रश्न फुकट आहे आणि त्याचे उत्तर लाखमोलाचे ठरू शकते.

पाणी, मीठ आणि वीज

गोव्याचा पावसाळा ही अशा गाडीची स्वतंत्र परीक्षा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिळारीच्या पाण्याने साळ, इब्रामपूर, हणखणे, चांदेल या भागांत जी दैना उडवली, ती लोक विसरलेले नाहीत. प्लग-इन गाडीची बॅटरी पाणी शिरू नये अशी बंदिस्त असते आणि रस्त्यावरच्या डबक्यातून जाताना धोका नसतो. प्रश्न उद्भवतो तो गाडी तासन्‌तास बुडून राहिली तर, आणि त्यातही पाणी खारे असेल तर. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळात अमेरिकेतील न्यूअर्क बंदरावर फिस्कर कर्मा या प्लग-इन हायब्रिड जातीच्या सोळा गाड्या खाऱ्या पाण्यात बुडाल्या आणि नंतर जळून गेल्या. चौकशीत असे आढळले की, आगीचे मूळ मोठ्या बॅटरीत नव्हते, तर साध्या बारा व्होल्टच्या यंत्रणेवरील एका नियंत्रक पेटीत होते. खाऱ्या पाण्याने तिच्यात शॉर्टसर्किट झाले होते. मोरजी, हरमल, केरी या किनारी गावांनी आणि खाडीकाठच्या वस्त्यांनी हे ध्यानात ठेवावे. बुडालेली गाडी वाळली म्हणून सुरू करून पाहू नये वा भारितही करू नये. ती टो करूनच सेवा केंद्रात न्यावी.

अपघातानंतरचा धोकाही तत्काळ संपत नाही. २०११ मध्ये अमेरिकेत शेवरोले व्होल्ट या प्लग-इन गाडीची खांबावरील धडक-चाचणी झाली आणि ती गाडी तब्बल तीन आठवड्यांनी, आवारात उभी असताना पेटली. आघातात बॅटरीला इजा होऊन शीतकद्रव गळला होता. त्यानंतर उत्पादकाने सांगाडा अधिक भक्कम केला. म्हणून जबर धडक बसलेली प्लग-इन गाडी घराशेजारी वा गॅरेजच्या छपराखाली ठेवू नये. पंधरा मीटर मोकळी जागा सोडून उघड्यावर ठेवावी. अग्निशमन दलाला १०१ वर कळवताना ‘गाडी हायब्रिड आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगावे, कारण उच्च-दाबाच्या तारा आणि पेट्रोलची टाकी या दोहोंची काळजी त्यांना एकाच वेळी घ्यावी लागते.

घरी भारित करताना स्वतंत्र वायरिंग, खात्रीचे अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच, एवढे असलेच पाहिजे. अनेक जुन्या चिऱ्यांच्या घरांतील वायरिंग पंखे आणि दिवे यांच्यासाठी केलेले असते. त्याच सॉकेटवर तासन्‌तास मोठा भार टाकला तर दोष गाडीचा नसतानाही आग लागू शकते. एक्स्टेंशन बोर्डावरून गाडी भारित करणे हा तर संकटाला दिलेला अक्षताच म्हणायचा.

गाडीबाहेरची माणसे

आतापर्यंतचे सारे विवेचन गाडीच्या आत बसलेल्यांविषयी झाले. पण गोव्यात दरवर्षी रस्त्यावर जे अडीचशेहून अधिक जीव जातात, त्यांत मोठा भरणा दुचाकीस्वारांचा आहे. ६ ऑगस्ट २०२३ रोजी बाणस्तारी पुलावर एका आलिशान एसयूव्हीने अनेक वाहनांना धडक दिली आणि तीन जणांचा बळी घेतला. त्या घटनेने साऱ्या गोव्याला एक कटू सत्य दाखवले : आतल्यांसाठी अभेद्य असलेली गाडी बाहेरच्यांसाठी तितकीच घातक असू शकते.

यामागचे गणित सरळ आहे. प्लग-इन हायब्रिड सात आसनी गाडी सुमारे २,३०० किलो वजनाची असते. स्कूटर आणि तिच्यावरील दोघे मिळून अडीचशे किलोंच्या आसपास. दोहोंची समोरासमोर धडक झाली तर वेगातील एकूण बदलापैकी सुमारे नऊदशांश वाटा स्कूटरस्वारांच्या अंगावर येतो आणि उरलेला एकदशांश गाडीच्या. गाडीतल्याला धक्का जाणवतो, स्कूटरवरचा जिवाला मुकतो. बॅटरीने वाढवलेला प्रत्येक किलो हे पारडे आणखी झुकवतो.

म्हणूनच तारांकन वाचताना पादचाऱ्यांच्या संरक्षणाचे गुण वेगळे काढून पाहावेत. एक्ससी ९० ला २०१५ मध्ये युरो एनकॅपने पाच तारे दिले, तेव्हा प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी तिला ९७ टक्के गुण होते आणि पादचाऱ्यांच्या संरक्षणासाठी ७२. एकाच गाडीतील हा फरक आतल्यांच्या आणि बाहेरच्यांच्या सुरक्षिततेतला फरक आहे. आपोआप ब्रेक लावणारी प्रणाली पादचारी आणि दुचाकीस्वार ओळखते का, अंधारात ओळखते का, हेही विचारावे. विजेवर चालणारी गाडी मंद वेगात जवळजवळ नि:शब्द असते, याचाही विचार हवा. युरोपात जुलै २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक व हायब्रिड मोटारीने ताशी २० किलोमीटरपर्यंतच्या वेगात इशारावजा आवाज करणे सक्तीचे आहे. पेडण्याच्या बाजारात किंवा शिरगावच्या जत्रेच्या वाटेवर, पाठमोऱ्या चालणाऱ्या वृद्धाला हाच आवाज वाचवू शकतो. आपण पाहत असलेल्या गाडीत तो आहे का, हे इंजिन बंद ठेवून, गाडी हळू पुढे नेऊन, बाहेर उभे राहून ऐकावे.

शेवटचा दोर आपल्या हाती

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातील चारोटीजवळ, मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. त्यांची मर्सिडीज जीएलसी ही युरो एनकॅपकडून पाच तारे मिळालेल्या जातीची गाडी होती. पुढच्या आसनांवरील दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. मागच्या आसनांवरील दोघांनी प्राण गमावले आणि त्यांनी सीटबेल्ट लावले नव्हते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात सीटबेल्ट न लावल्यामुळे १६,७१५ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील ८,३३१ हे चालक नव्हे, तर प्रवासी होते. म्हणजे जवळजवळ निम्मे.

एअरबॅगची सारी रचना सीटबेल्ट लावलेल्या माणसासाठी असते. तो न लावलेला मागचा प्रवासी धडकेच्या क्षणी पुढच्या आसनावर आदळतो आणि स्वतःबरोबर पुढच्यालाही घेऊन जातो. मांडीवर घेतलेले मूल तर आईच्या हातांत राहूच शकत नाही. जगातील कोणत्याही हातांत तेवढे बळ नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार चौदा वर्षांखालील मूल सीटबेल्टविना वा चाइल्ड सीटविना बसवल्यास हजार रुपये दंड आहे. दंडाची रक्कम बाजूला ठेवली, तरी लाखो रुपयांची गाडी घेणाऱ्याने चाइल्ड सीटसाठी काही हजार रुपये वाचवावेत, यासारखा विरोधाभास नाही.

तेव्हा दालनात गेल्यावर विचारायचे ते असे. तारे याच प्लग-इन आवृत्तीला आहेत का, आणि कोणत्या वर्षीचे? प्रौढ, बालक आणि पादचारी यांचे गुण वेगवेगळे किती? तिसऱ्या रांगेत तीन बिंदूंचे सीटबेल्ट आणि पडदा-एअरबॅग पोहोचते का? बॅटरी वा ब्रेकसाठी ही गाडी जगात कोठे परत मागवली गेली आहे का, आणि भारतातील गाड्यांचे काय? मंद वेगात ती आवाज करते का? उत्तर तोंडी नको, कागदावर हवे.

ग्राहकाने एवढे करूनही एक उणीव राहते आणि ती भरून काढणे शासनाच्या हाती आहे. मंत्रालयाचा वार्षिक अहवाल मृत्यूंची वर्गवारी मोटार, ट्रक, दुचाकी अशा प्रकारांनुसार देतो. गाडीच्या नावानुसार नव्हे. थॅचमने ब्रिटनमध्ये जे सांगितले, ते भारतातील कोणत्याही गाडीविषयी सांगता येईल अशी उघड नोंद ग्राहकाच्या हाती पडत नाही. पोलिस पंचनामा करतात तेव्हा गाडीचे नाव, आवृत्ती, सीटबेल्ट, एअरबॅगची स्थिती या बाबी समोरच असतात. मोजक्या वाहतूक कार्यालयांच्या गोव्याला ही माहिती, कोणाचेही नाव उघड न करता, दरवर्षी प्रसिद्ध करणे अवघड नाही. पत्रादेवीपासून पोळेपर्यंतच्या महामार्गावर नव्या जातीच्या, अधिक जड आणि अधिक गुंतागुंतीच्या गाड्या उतरत असताना तसे झाले, तर पुढच्या कुटुंबाला परदेशी दाखल्यावर विसंबावे लागणार नाही.